बसलेल्या मुलींकडे बघणारे सर

सरांना कळायचं कसं? मुलीला अजून धड पळताही येत नाही, आणि ही टिकेल हे त्यांना कशावरून कळायचं? मंडळी, सर गेल्यापासून मी हाच प्रश्न घेऊन बसलेय. समोर सरांचा फोटो आहे, सरांच्या पत्नी, आपल्या काकू, बसल्या आहेत, तुम्ही सगळे हातातली कामं टाकून आलात. अशा वेळी बोलणं कठीण जातंय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोकाशी सरांनी या कॉलेजात खो-खो शिकवला. मी त्यांच्या मुलींच्या संघात होते. माझे वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत, माणसं भरती करायच्या खात्यात, प्रोबेशनवर आहे. म्हणून आज मी सरांच्या निवडीबद्दलच बोलणार आहे.

सर संघ कसा निवडायचे, आठवतं ना? सगळ्यांचे डोळे पळणाऱ्या मुलीवर. सर मात्र खांबामागे उभे राहून, मधल्या पाटीवर खो मिळायची वाट बघत बसलेल्या आठ जणींकडे बघायचे. कोण कंटाळलीय. कोणाची टाच उचललेली आहे. मागून येणारं पाऊल कोणाला मान न वळवता कळतंय. मी एकदा विचारलं, "सर, पळणारीकडे बघतच नाही तुम्ही?" म्हणाले, "अगं, तिच्याकडे सगळं मैदान बघतंय. तिला माझी काय गरज?"

आणि एकाच दिवसात निवड कधीच नाही. आठवडाभर खेळवायचे. मैदान आखायला लावायचे, पंच व्हायला लावायचे. जिला घ्यायचं नसेल तिला फळ्यावरच्या यादीतून कळू द्यायचे नाहीत. स्वतः बाजूला नेऊन सांगायचे. "आज नाही. खांबाला वळताना तू ताठ होतेस. वाकून वळ, मग ये." आमची एक मैत्रीण चिडून म्हणाली, "मग काय सर, दिवाळीपर्यंत खांबाभोवतीच फिरू?" सर म्हणाले, "फिर की. देवळात फिरतेसच ना, इथे निदान मी बघतोय." ती दिवाळीनंतर संघात आली. ती मागे बसलीय, हसतेय बघा.

आता जे बोलणार आहे, ते बोलू की नको, असं येताना मनात चाललं होतं. बोलते.

आमचे कर्णिक साहेब इथे आले आहेत. ते माझे वरिष्ठ. तेही सरांचेच खेळाडू, माझ्या कितीतरी आधीचे. साहेब, मी कामाला लागले त्या आठवड्यात तुम्हीच मला सांगितलं होतं, पहिल्या वर्षी सरांनी तुम्हाला घेतलं नाही. म्हणाले होते, "कर्णिक, तू पळतोस छान, बसतोस वाईट." हे सांगताना तुम्ही किती हसला होतात.

मागच्या आठवड्यात आम्ही लॅबसाठी ट्रेनी निवडायला बसलो होतो. खाडीकडच्या कोळीवाड्यातली एक मुलगी आली. नयना. केमिस्ट्रीची पदवी आहे. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल काहीतरी सांग. ती गप्प. मग म्हणाली, "सर, मराठीत सांगू?" साहेब म्हणाले, "इथे मराठी चालत नाही." पुढचा उमेदवार आत आला. तो छान बोलला. फार छान बोलला.

मी म्हटलं, "साहेब, तिला एक दिवस लॅबमध्ये उभी करू या." साहेब म्हणाले, "अगं, आपण कंपनी चालवतो, खो-खोचा संघ नाही. आणि तू प्रोबेशनवर आहेस." साहेब रागावून बोलले नव्हते. खरं तेच सांगितलं त्यांनी. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात आहे. माझा पगार घरात लागतो, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. सर अंथरुणावर होते. सगळं ऐकून म्हणाले, "तिला बोलायला लावलंत. काम करायला कोणी लावलं?" मी म्हटलं, "सर, मी काय करू?" सर म्हणाले, "ते मला विचारू नकोस. खो मिळाल्यावर कुठे पळायचं हे मी मैदानातही कधी ओरडून सांगितलं नाही." एवढं बोलून त्यांना धाप लागली. काकूंनी मला उठायची खूण केली. ती आमची शेवटची भेट.

मंडळी, माणसं निवडायची म्हणजे काय करायचं? टेबलापलीकडे बसून कोण घाबरत नाही, एवढंच बघायचं? पंधरा मिनिटांत गप्प राहिलेला माणूस आयुष्यभर गप्पच राहणार, असं आपण ठरवतो. आणि नाही म्हणायची वेळ आली की साधं कळवतही नाही. सरांनी ज्या मुलींना घेतलं नव्हतं, त्या सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती.

आता आपण उभे राहू आणि सरांसाठी थोडा वेळ शांत राहू. मात्र त्याआधी एक गोष्ट साहेबांना सांगायची आहे. उद्या ऑफिसात दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा इथे, सरांसमोर कळलेली बरी.

साहेब, काल शनिवारी तुम्ही मुंबईच्या ऑफिसात होता. मी नयनाला बोलावलं. लॅबमधल्या मोठ्या केमिस्टना विचारून तिला दिवसभर त्यांच्या हाताखाली काम करू दिलं. तिचं काम कसं झालं ते मी सांगणार नाही, ते तुम्ही त्यांनाच विचारा. तिच्या गेटपासवर सही माझी आहे.