तिसरं बटण

हसू नका, पण बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी उस्मानपुऱ्यातल्या एका क्लासमध्ये नीटच्या पोरींना बायोलॉजी शिकवलं आणि मग पंचविसाव्या वर्षी स्वतःच एमबीबीएसला लागले. रॅगिंग सहन करायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. तक्रारीचा अर्जसुद्धा लिहून ॲप्रनच्या खिशात ठेवला होता, फक्त छळणारीचं नाव टाकायचं बाकी होतं.

चौथ्याच दिवशी सिनियर मुलींनी हॉस्टेलच्या जिन्यात आम्हा नव्या मुलींना रांगेत उभं केलं. "नजर आपापल्या तिसऱ्या बटणावर. वर बघायचं नाय."

मी मुद्दाम मान वर केली आणि गारच पडले. समोर सिनियर म्हणून उभी होती कन्नड गावची पूजा, माझ्याच क्लासची जुनी विद्यार्थिनी. तिचाही चेहरा पांढरा पडला. ती माझ्या कानाशी आली.

"मॅडम, खाली बघा ना. बाकीच्या पोरी बघायल्यात."

"पूजा, लाज नाही वाटत? माणसाला असं उभं करतात का?"

"तुम्हीच तर करायच्या, मॅडम. उत्तर चुकलं की तासभर भिंतीकडं तोंड. एकदा मला चक्कर आली, तर तुम्ही म्हणालात, डॉक्टर व्हायचंय ना, मग सवय कर."

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिला शब्द न् शब्द पाठ होता.

मी मान खाली घातली. अर्ज अजून खिशातच आहे. द्यायचा तर आहेच, पण त्यात पहिलं नाव कुणाचं टाकू, तेवढं सांगा.