सासूबाईंची सही

बँकेच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासूबाई आणि त्यांचे जावई बसले होते. मांडीवर कर्जाचा अर्ज होता.

"आई, पाच वर्षं फक्त व्याज भरायचं. मुद्दलाला हातही लावायचा नाही."

"मग पाच वर्षांनी कर्ज किती उरेल?"

"तेवढंच."

"पाच वर्षं भरूनसुद्धा?"

"तोवर फ्लॅटची किंमत वाढेल ना. विकून मोकळे होऊ."

"फ्लॅट आतून पाहिलात का, जावईबापू?"

"आपल्याला कुठे त्यात राहायचंय? गुंतवणूक आहे ती."

"तारण माझं घर आहे. त्यात मला राहायचंय."

"तुमची फक्त सही हवी, आई."

"आणा. आज नुसतं आडनाव लिहिते. माझं नाव किंमत वाढल्यावर लिहीन."