बिश्केकची आमटी

— न्हाई न्हाई दादा, तसं न्हाई, खोलीला खिडकी हाय की! कपाटामागं गेलीया, कपाट सरकवलं की उजेडच उजेड. पोरीला अभ्यासाला उजेड लागतो, हे मला ठाव न्हाई व्हय? ही सारी क्लासची गल्ली माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली. आधी हितं ज्वारी व्हती, आता डॉक्टरकीच्या परीक्षेला परत परत बसणारी रिपीटर पोरं हायत. बसा तुमी. सुकन्या ना गं नाव तुझं? बस बाई, त्या पलंगावर बस. चाकूरहून उभ्यानं आलाव म्हणता, दमली आसंल पोर. आन् जेवणाची फिकीर करूच नका — लातुरात कुणालाबी इचारा, सिंधुताईच्या मेसचं जेवून किती लेकरं डॉक्टर झाली. — कोण, ह्यो? भिंतीवरचा, पांढऱ्या कोटातला? माझाच त्यो. भागवत. परदेशात आसतो. हाव, डॉक्टरच. बिश्केकला. मलाबी आधी बेकरीतलंच कायतरी वाटलं व्हतं, हसू नका. रशियाच्या अंगाला हाय ते. आमच्या गल्लीतल्या नागुबाईचा गुडघा त्यानं तिकडनं फोनवर बरा केला — "मावशी, गरम पाणी प्या आन् जिना चढू नका" म्हणला, झाली की बरी!

कंच्या वर्षाला? आता — वर्ष म्हणजे — झालंच म्हणायचं की. कॉलेजचं नाव? लई अवघड हाय ते, तोंडात बसत न्हाई माझ्या. पण बघितलंय ना मी! सोत्ता जाऊन आले. पोरांना डॉक्टरकीला तिकडं पाठवणाऱ्या एजंटानं आईबापांची सहल काढली व्हती, आठवडाभराची. भागवतनं सारं दाखवलं — बर्फाचं डोंगर, बागा, चौकातला ह्यो एवढा घोड्यावरचा पुतळा, आन् कॉलेज. भायेरनं. आत पाव्हण्यांना जाऊ देत न्हाईत, म्हणला. मला पटलं. हितलं क्लासवालं तरी आईबापाला कुठं फाटकाच्या आत घेत्यात? — न्हाई दादा, कोट खराच हाय. पहिल्या दिवशी एजंटानं समद्या पोरांना घालायला लावून फोटो काढला. मग परत घेतला कोट, दुसऱ्या पोरांसाठी.

तर शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी विमान. म्हणलं आज दिसभर लेकाजवळ बसावं, तर ह्येचा सकाळीच फोन — "आई, आज ड्यूटी हाय, संध्याकाळी येतो." डॉक्टरला ड्यूटी आसतीच, काय बोलणार? बॅग भरून हॉटेलात बसले. सहलीत उदगीरच्या सुमनबाई व्हत्या, त्यांची लेक तिथं शिकती. त्या म्हणल्या, "सिंधुताई, एकट्या काय बसताव? चला, आमच्या पोरीच्या मेसला जेवू, आपल्याकडचं मिळतंय." मी म्हणलं, जन्म मेसमध्ये गेला माझा, आन् विमानात बसून हितवर आले ती मेस बघायला? पण गेले. जिना उतरून जमिनीखाली व्हती ती. पायरीवरच मी मागं वळून दार बघितलं. आमी भूकंपातली माणसं, दादा. निलंग्याकडचं गाव आमचं — हाव, त्योच, किल्लारीचा. घराचं माळवद खाली आलं, आमची पहिली पोर त्यात — जाऊ द्या, ते कशाला आता. भागवत त्याच्या मागनं झाला, पत्र्याच्या शेडात. तवापासून मी दाराजवळच बसते, कुठंबी गेले तरी. तिथंबी जिन्याजवळचीच खुर्ची धरली.

ताट आलं. आमटीचा घोट घेतला न् थांबले. येसराची आमटी — आन् येसर माझं! धने म्या करपायच्या जरा अलीकडंपत्तोर भाजते, ती माझी खोड हाय, दुसरं कुणी तसं करीत न्हाई. आल्या दिवशी मीच भागवतच्या हातात त्या मसाल्याचा डबा दिलता. मनात म्हणलं, किती भोळं लेकरू, दोस्तांच्या मेसला देऊन टाकलं. बघा, आईचं डोकं कसं चालतंय ते! तेवढ्यात ताट हाललं. बारीक. वर दिवा झुलायला लागला, गिलास वाजायला लागलं. पोरं जेवतच व्हती — तिकडं जमीन हालतीच म्हणं आधनंमधनं, त्यांना सवय. मी मातर — मी कशी वर आले मला सांगता यायचं न्हाई. "पळा रं लेकरांनो, भायेर पळा" असं मराठीतनं वरडत, सुमनबाईच्या लेकीचा दंड धरून तिला वढत, थेट रस्त्यावर. पायात चप्पल न्हाई, हाताला आमटी. माणसं उभी राहून मलाच बघून राहिली, कारण तवर समदं थांबलं व्हतं. एका तिकडच्या म्हातारीनं माझ्या अंगावर सोत्ताची शाल टाकली, कायतरी पुटपुटली, डोक्यावरनं हात फिरवला. आन् खालनं, जिन्यातनं, "आई! आई!" करत कोण यावं? कोपरापत्तोर पीठ, कमरेला फडकं. जमीन हालल्याचं त्याला कळलंबी नव्हतं, दादा. माझा आवाज वळखून आला.

मी म्हणलं, "हीच का ड्यूटी?" फडक्याला हात पुसाय लागला. "कॉलेज?" — "सोडलं. पहिल्याच वर्षी. मेलेल्या माणसाला हात लावला की अन्न जाईना, आई." — "मग सांगायचं न्हाई?" तर काय म्हणला म्हाईत हाय? "कुणाला सांगू? अकरावीला क्लास लावला तवापासून तू मला डॉक्टर म्हणूनच हाक मारती. फोन उचलला की, 'डॉक्टर, जेवलास का?' भागवत कुठं ऱ्हायला?" मी हात उचलला. पण मारणार कुठं? सगळा पिठानं भरलेला. हितं मी भाकरी थापून राहिले कशापायी? ह्यानं थापू नये म्हणून. आन् ह्यो विमानात बसून गेला, परदेशात उतरला आन् परातीपुढंच बसला! सुमनबाईची लेक म्हणती, "काकू, भागवतदादा नसते तर आमी उपाशी मेलो असतो." मी म्हणलं, तू गप बस बाई.

मग काय करता? बॅग भरलेली, विमान सकाळी. संध्याकाळी पोरांची ही गर्दी, आन् ह्येच्या हाताखालची बाई भूकंपाचं निमित्त करून घरी गेलेली. मी पदर खोचला. शेवटच्या दिवशी लोक बाजार करत्यात, फोटो काढत्यात — मी कांदा चिरत बसले. फकस्त "मीठ कमी हाय" म्हणलं. "हाव" म्हणला. चपात्या त्यो लाटत व्हता, मी भाजत व्हते. आन् तुमाला म्हणून सांगते — गोल, दादा. माझ्यापेक्षा गोल. एक पोरगं लाडात येऊन म्हणलं, अजून एक वाढा की, तर ह्यो कसा हसला! लातुरात त्या क्लासच्या दोन वर्षांत तसा हसताना बघितला नव्हता मी त्याला. — हे कुणालाच बोलले न्हाई आतापत्तोर. तुमाला का सांगून राहिले कुणास ठाव.

विमानतळावर इचारलं त्यानं, "लातूरला काय सांगशील?" म्हणलं, "डॉक्टर हाय म्हणून सांगीन." — "सांग" म्हणला. राग न्हाई, काही न्हाई. "खोल्या भरायच्या हायत ना तुला," म्हणला. मेस चालवणारा माणूस हाय शेवटी, कळतंय त्याला. तर आसं. आता तुमी हे भायेर बोलू नका. न्हाई, मी काय वाईट म्हणत न्हाई डॉक्टरकीला, हुशार पोरांनी करावीच, मी फकस्त — का गं, सुकन्या? का रडून राहिली? न्हाई, तुमी नका बोलू दादा, तिला बोलू द्या. बोल गं, बाई. तुला — 

काय? काय म्हणलाव, दादा?

एजंटाचा नंबर?

हितं पोरीला ॲडमिशन मिळाली न्हाई तर तिकडं पाठवता येईल म्हणता — हाव. आत्ताच बोलून ठेवलेलं बरं — हाव, हाव. दादा, मी मघापासून काय सांगून राहिले, ऐकलं का तुमी? ऐकलं. समदं ऐकलं. आन् नंबर पायजे.

उठा. खोली न्हाई माझ्याकडं. — मघाशी व्हती, आता न्हाई. पिशवी घ्या ती. भायेर वट्यावर सावली हाय, तिथं उभं राहा.

तू न्हाई गं. तू बस. हात धू, ताट वाढते.