माईंची परत पाठवलेली चिठ्ठी

जबाब देणार: भास्कर शमुवेल पाटोळे, वय ७६ वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा निवृत्त प्राध्यापक (तर्कशास्त्र), राहणार टेकडीच्या पायथ्याशी, देवास, मध्य प्रदेश. बुधवार, दिनांक ४ डिसेंबर २०२४, सकाळी ११.२०. जबाब माझ्या विनंतीवरून मराठीत घेतला असून हिंदी तर्जुमा सोबत जोडला आहे.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, या जबाबातून मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. माझ्या शेजारी राहणाऱ्या जानकी ऊर्फ माई मोहिते, ज्या काल वारल्या, त्यांचे धर्मांतर झालेले नाही. आणि त्यांचे पती मारुती गणोजी मोहिते, जे काल दुपारपासून याच ठाण्यात बसवलेले आहेत, त्यांनी कोणताही गुन्हा केलेला नाही. उद्या तिसरा दिवस आहे. माईंच्या अस्थी नर्मदेकाठी नेमावरला न्यायच्या आहेत. त्या न्यायला मारुतीरावांना सोडावे, एवढ्यासाठी मी आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

मारुतीराव मोटरसायकलच्या सीटा शिवतात. त्यांचे पूर्वज दरबाराच्या घोड्यांची खोगिरे शिवत. गेली नऊ वर्षे आम्ही दोघे सकाळी सहाला टेकडी चढतो. ते देवीच्या दर्शनाला आत जातात, मी बाहेर पायरीवर त्यांच्या चपला सांभाळत बसतो. उतरताना बोलणे होते. त्यात धर्माचा विषय निघत असे. तो बहुधा तेच काढत.

एकदा ते म्हणाले, "सर, तुमचा देव तर खुद्दच लटकला. आमच्या देवीच्या हातात निदान तलवार तरी आहे." मी त्यांना सांगितले की, जो स्वतः मेला नाही त्याला मरणाविषयी जे ठाऊक असते ते ऐकीव असते, माझा देव ऐकीव बोलत नाही. ते हसले. "भिया, तुम्ही वकील व्हायचं सोडून मास्तर कशाला झालात?" दुसऱ्या दिवशीही ते दर्शनाला गेले आणि मी चपलांपाशी बसलो.

विचारल्यावरून सांगतो की, होय, मी माझा विश्वास लोकांना सांगतो. ज्याने विचारले त्याला सांगतो. ते मी लपवलेले नाही आणि आजही लपवत नाही.

माईंना पोटाचा कर्करोग होता. ऑक्टोबरात इंदूरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवले. रविवारी, १ डिसेंबरला, टेकडी उतरताना मारुतीरावांनी मला सांगितले की, माईंनी माझे ते जुने उत्तर त्यांच्याकडून ऐकले होते आणि आता त्या मला बोलावतात. त्यांचे शब्द मारुतीरावांनी मला सांगितले ते असे: "जो मरून आलाय त्याच्याशीच मला बोलायचंय. बाकीच्यांना काय माहीत? सरांना म्हणावं, या." बरे करा, असे त्या म्हणाल्या नव्हत्या. तसे मीही कोणाला कधी म्हटलेले नाही.

मी लगेच गेलो नाही. माझा एक परिचित अशाच एका प्रार्थनेवरून सात महिने तुरुंगात होता. म्हणून मी मारुतीरावांना सांगितले की, माईंनी स्वतःच्या इच्छेने बोलावले आहे असे लेखी आणावे.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ते चिठ्ठी घेऊन आले. वहीचा अर्धा कागद, पेन्सिलीचे अक्षर. "मी माझ्या खुशीनं सरांना प्रार्थना करायला बोलावते. कोणी सांगितलं नाही. माई." मी ती दोनदा वाचली. तीवर पूर्ण नाव नव्हते, तारीख नव्हती, साक्षीदार नव्हते. मी ती परत दिली आणि तिन्ही उणिवा सांगितल्या.

मारुतीरावांनी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. मग म्हणाले, "पाठीला दोन उश्या लावून लिहिलंय तिनं, सर. तारीख घालायला सांगतो. पण तिच्याजवळ तारखा उरल्यात कुठे?"

मी सांगितले की, कागद पूर्ण असेल तर त्यांचेच हित आहे.

काल, मंगळवारी, अकराच्या सुमारास माईंनी नाव आणि तारीख घातली. मारुतीराव तो कागद घेऊन साक्षीदाराच्या सहीसाठी समोरच्या कृष्णरावांकडे गेले. कृष्णरावांनी कागद वाचला, ठेवून घेतला आणि भूपेंद्रला कारखान्यात फोन केला. भूपेंद्र हा मारुतीरावांचा मुलगा आणि या प्रकरणातील तक्रारदार. तो साडेबाराला दहाबारा जणांसह आला. त्याने घरात जाण्याआधी वडिलांना ओट्यावरून खाली ओढले. "बाबा, मरायला टेकलेल्या आईला पण नाही सोडलंत तुम्ही?" हे मी ऐकले. मारुतीरावांचे उत्तर मला ऐकू आले नाही. त्यांचा उजवा हात मोडला. त्याच हाताने ते शिवतात. त्यांना आत जाऊ दिले गेले नाही.

माई एक वाजून दहा मिनिटांनी गेल्या. सून अपूर्वा बाहेर येऊन तसे बोलली. तोवर त्यांचे पती दाराबाहेर रस्त्यावर बसलेले होते.

विचारल्यावरून सांगतो की, मी त्या वेळी माझ्या फाटकाच्या आत होतो. माझ्या फाटकापासून त्यांचे दार सोळा पावलांवर आहे.

आता पुराव्याविषयी. तक्रारीत प्रलोभनाचा आरोप आहे. प्रलोभनाला देणारा लागतो, घेणारा लागतो आणि दिलेली वस्तू लागते. मी माईंना काही दिले नाही. मी त्यांच्या घरात गेलो नाही, प्रार्थना केली नाही, एक शब्द बोललो नाही. त्यांचे दहन त्यांच्या रीतीप्रमाणे मुलाच्या हातून झाले. ज्या कागदाला तक्रारदार धर्मांतराचा कबुलीजबाब म्हणतो, तो मी मागितला म्हणून अस्तित्वात आला. मारुतीरावांनी केवळ पत्नीचा निरोप पोहोचवला आणि मी सांगितले ते केले. कागदाचा दोष कोणावर ठेवायचा असेल तर तो माझ्यावर ठेवावा.

हवालदार धीरज यांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्यावरून दोन ठिकाणी दुरुस्ती केली. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली पुढील चार ओळी मी स्वतःच्या हाताने जोडत आहे.

माझ्याकडून एक चूक झाली आहे. सोमवारी सकाळी दहाला माझ्या हातात आलेली चिठ्ठी पूर्ण होती. मी ती अपूर्ण ठरवली. तीवर आज जी ३ डिसेंबर ही तारीख दिसते, ती माईंनी माझ्या सांगण्यावरून घातली.

(सही)
भास्कर शमुवेल पाटोळे