मुख्यमंत्री कॅसल यांस

व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या मंडळाचे अध्यक्ष श्री. श्रीनिवासराव टेंभे, प्रमुख पाहुण्या आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कौमुदी सबनीस, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती विमल दत्तात्रय केळुसकर, म्हणजे तुमच्याआमच्या विमलकाकू, त्यांची कन्या विनीता, नात स्वरदा, आणि दोन्ही लशींचं प्रमाणपत्र दारात दाखवून, अर्धा चेहरा झाकून, एकेक खुर्ची सोडून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी चंद्रहास. हॅरिस पार्कमध्ये माझं किराण्याचं दुकान आहे आणि मी डबे पोचवतो. दुकानदार माणूस आधी हिशेब करतो, म्हणून आधी हिशेब. काकूंचा मुलगा निनाद अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नर आहे. ते पद खरं किती पडलं? चार निवडणुका. स्वतः ठोठावलेली अकरा हजार दारं. बुटांचे सात जोड. उजवा गुडघा, जो आता जिना उतरताना वाजतो. ‘केळुसकर’ हे आडनाव मतपत्रिकेवर कुणाला वाचता येईना म्हणून त्याचं झालेलं ‘केलस’, आणि निनादचं झालेलं ‘नेड’. आणि पंधरा हजार किलोमीटरवर ठेवलेली एक आई. यातल्या शेवटच्या रकमेबद्दल मला आज बोलायचं आहे.

राज्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या सुरक्षावाल्यांनी काकूंना तसं बजावलंय. तुम्हाला सगळ्यांना ते माहीत आहे, हा भाग वेगळा.

मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा काकूंच्या घरी मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. दत्तात्रयकाका पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात शिफ्टला जायचे. निनाद माझ्याहून तीन वर्षांनी लहान. रविवारी सकाळी काकू त्याला किचनच्या टेबलावर मराठी लिहायला बसवायच्या आणि मला पोळ्या लाटायला. माझी डिग्री अर्धवट राहिली, पोळ्या पुऱ्या झाल्या. आज माझ्या तीन व्हॅन फिरतात त्या त्या टेबलाच्या जोरावर. निनाद इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. नागरिक झाला. आधी शहराच्या कौन्सिलवर, मग दोनदा तिथल्या विधानसभेवर आणि २०१८च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून निवडून आला. चारपैकी एकही निवडणूक तो हरला नाही. गेल्या वर्षी तिकडच्या एका वर्तमानपत्राने त्याला ‘भीती ठाऊक नसलेला गव्हर्नर’ म्हटलं. ते शीर्षक आपल्या त्रैमासिकाने मुखपृष्ठावर छापलं, आणि या हॉलबाहेरच्या बॅनरवरही आज तेच आहे. ते सुचवणारा मीच. टाळ्या नंतर वाजवा.

आता एका शब्दाची गोष्ट. गव्हर्नर निवडून आला त्या आठवड्यात आपल्या मंडळाने अभिनंदनाचं पत्रक काढलं. त्यात काय लिहिलं? ‘राज्यपाल श्री. निनाद केळुसकर.’ बरोबर की नाही? श्रीनिवासराव, खाली बघू नका, मसुदा तुमचा असला तरी मुद्रितशोधन माझं होतं. शब्दकोशात बघा, गव्हर्नर म्हणजे राज्यपाल. पण राज्यपाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठा बंगला, हिरवळ, चहापान, दुसऱ्याने लिहिलेलं भाषण वाचून दाखवणारे एक सज्जन गृहस्थ. इथे ऑस्ट्रेलियातही तेच. आपल्या राज्याला गव्हर्नर आहे. नाव किती जणांना सांगता येईल? आणि प्रीमियर, म्हणजे इथला मुख्यमंत्री? साथीत रोज अकरा वाजता टीव्हीवर. अमेरिकेत मात्र गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. ठरवणारा तोच, सही करणारा तोच, शिव्या खाणाराही तोच.

काकू त्या पत्रकावर खूश झाल्या. मला म्हणाल्या, “बरं झालं बाई. निवडणुका संपल्या एकदाच्या. भांडणातून माणूस सुटला की त्याला राज्यपाल करतात.”

गिऱ्हाईक खूश असताना वजनकाटा कोण दाखवतो?

मग साथ आली. काकू तेव्हा केलीव्हिलला विनीताकडे राहायला आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तातडीच्या नसलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया थांबवलेल्या. म्हणजे बातम्या वाचायच्या बंद. त्या ऐकायच्या, आणि काय ऐकायचं ते विनीता ठरवायची. निनादने तिकडे दुकानं बंद केली, शाळा बंद केल्या, देवळं-चर्च बंद केली. लोक खवळले. हे काकूंना कळू द्यायचं नाही असं घरात ठरलं. स्वरदा म्हणायची, “आजी, मामाचं न्यूज नको बघूस, इट्स ऑल ड्रामा.” ड्रामा! त्याच्या घरासमोर माणसं रायफली घेऊन उभी राहायची आणि ते तिथे कायद्यात बसत होतं.

मे महिन्यातला एक रविवार. सकाळचे नऊ. मी डबा घेऊन ड्राइव्हवेमध्ये उभा. आत यायला बंदी होती, म्हणून काकू खिडकीत, त्यांचा फोन स्पीकरवर खिडकीच्या कट्ट्यावर. रविवारचा निनादचा फोन. तिकडे शनिवारची संध्याकाळ. तो विचारत होता, “आई, गुडघ्याला तेल लावतेस का?” आणि मागून आवाज येऊ लागला. आधी गाड्यांचे भोंगे. मग माणसं. माझे कान तिखट आहेत, मंडळी, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून पुढे कोण तांदूळ चाखतंय ते मी सांगतो. मी शब्द ओळखले. “कम आउट, नेड! कम आउट!” मग काहीतरी फुटलं, आणि फोन बंद.

काकूंनी विचारलं, “काय रे ते?”

मी म्हणालो, “वरात असेल, काकू.”

“वरातीत नवऱ्याला बाहेर ये म्हणून ओरडतात का रे चंदू?”

विनीताने आतून फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. निनादच्या बायकोचा बंद. ऑफिसचा नंबर, तिथे रेकॉर्ड केलेला आवाज. चाळीस मिनिटं, मंडळी. शेजारचा माणूस गवत कापत होता, त्याने मला हात केला, “हाउ आर यू गोइंग, मेट?” मी म्हणालो, “गुड, गुड.” डब्यातली आमटी गार झाली. मी व्हॅनच्या बंपरवर बसलो. विनीता बाथरूममध्ये जाऊन रडत होती, तेही मला ऐकू येत होतं. असे कान असू नयेत माणसाला. आणि काकू खिडकीत ताठ उभ्या, त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी फोनकडे बघत.

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. “आई, लाइन गेली होती गं.” आवाज अगदी साधा. पण मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “अवे फ्रॉम द विंडो, सर.” ते मी ऐकलं.

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, “राज्यपालावर कोण कशाला चिडेल? तो नुसती सही करतो. सांगणारा मुख्यमंत्री असतो. तिथला मुख्यमंत्री कोण आहे?”

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. मी रस्त्याकडे बघितलं. समोरून बस चालली होती, पाटीवर पुढच्या उपनगराचं नाव, कॅसल हिल. मी म्हणालो, “कॅसल. मिस्टर कॅसल.”

“पुढे हिल नाही ना?”

“नाही काकू. नुसता कॅसल.”

तुम्ही हसताय. मीही मनात हसलो होतो. वाटलं, मुलावरची भीती त्या कॅसलवर ढकलली, जरा तरी झोप लागेल बाईला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो तर काकू म्हणाल्या, “वही काढ. कॅसलला पत्र लिहायचंय.” मी लिहून घेतलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे, आणि काकूंच्या परवानगीने वाचतो.

‘माननीय मुख्यमंत्री कॅसल यांस, सप्रेम नमस्कार. मी आपल्या राज्यपालांची आई. हुकूम आपण काढता आणि सही माझ्या मुलाची असते. लोक सही ओळखतात, सांगणाऱ्याला ओळखत नाहीत. म्हणून ते त्याच्या दारात येतात आणि आपण आत बसता. आपला हुकूम योग्य असेलही. पण मग तो आपल्या तोंडाने सांगा. अंगणात जाऊन, लोकांच्या समोर उभे राहून सांगा. माझ्या मुलाला मागे ठेवा. आपल्यालाही आई असेल. कळावे, विमल केळुसकर.’

हे पत्र कुठे टाकणार? मी त्याचा फोटो काढला आणि निनादला पाठवला. वाटलं, वाचून हसेल. बिचाऱ्याला त्या दिवसांत हसायला तरी कुठे मिळत होतं?

चार दिवस उत्तर नाही. मग फोन आला. “चंदूदादा, मुख्यमंत्र्याला पत्र पोचलं.”

मी म्हणालो, “अरे, गंमत म्हणून पाठवलं. सोडून दे.”

तो म्हणाला, “नाही. आई बरोबर बोलतेय. मी आतून सह्या करतोय.”

त्याने उत्तरही पाठवलं, स्वतःच्या हाताने मराठीत लिहून. मी ते छापून काकूंना दिलं आणि ठोकून दिलं, “कॅसलच्या ऑफिसात मराठी जाणणारा एक क्लार्क आहे.” काकूंना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं: ‘तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मुलाला पुढे करणार नाही. जे सांगायचं ते मी बाहेर जाऊन सांगेन. मलाही आई आहे.’ काकूंनी तो कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि त्या रात्री, विनीता सांगते, त्या पहिल्यांदा नीट झोपल्या.

पुढच्या शनिवारी निनाद बाहेर गेला.

मी दुकानात तांदळाच्या पोत्यांमागे उभा राहून फोनवर बघत होतो. घराच्या पायऱ्यांवर तो एकटा. समोर तीनशे माणसं. तो सांगत होता, मी हे का बंद केलं, किती माणसं मेली, कोणत्या हॉस्पिटलात जागा नाही. पहिल्या रांगेत तपकिरी जाकिटातला एक माणूस होता. त्याचा उजवा हात जाकिटाच्या आत. निनाद बारा मिनिटं बोलला. बारा मिनिटं मी निनादचा एक शब्दही धड ऐकला नाही, मी फक्त त्या हाताकडे बघत होतो. तो हात बाहेर आला नाही. आत काय होतं ते आजही कुणाला माहीत नाही. निनाद वळला, जिना चढला, दार लागलं. दुसऱ्या दिवशी ते शीर्षक छापून आलं. मी ते मंडळाकडे पाठवलं. अभिमानाने. आणि घाम पुसत.

जुलैमध्ये कौमुदीताईंनी काकूंच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाली, दोन दिवसांनी काकूंचा मला फोन.

“चंदू, कॅसलला मराठी कोणी शिकवलं?”

“काकू, सांगितलं ना, तो क्लार्क...”

“त्या क्लार्कला मी शिकवलंय. वॉलॉंगॉंगच्या टेबलावर. तो आईची ई ऱ्हस्व काढतो. चाळीस वेळा लिहून घेतलं होतं त्याच्याकडून, तू पोळ्या लाटत होतास तेव्हा.”

पत्र शंभर वेळा पाहिलं असेल मी. ऐकणारा माणूस मी, मला ऱ्हस्व-दीर्घ काय दिसणार?

“म्हणजे सांगणारा तोच?”

“हो काकू.”

“आणि ते लोक त्याच्यासाठीच आले होते?”

“हो.”

मग काकूंनी विचारलं, “मग मीच त्याला अंगणात पाठवलं?”

काकूंनी मला बोल लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून एवढंच म्हणत राहिल्या, “मला त्याच्याकडे जायचंय.” देशाबाहेर जायला तेव्हा सरकारची परवानगी लागायची, ती दोनदा मागितली, दोनदा नाकारली. कारण पुरेसं गंभीर नाही, असं कळवलं. आता या महिन्यात सीमा उघडल्या. मंगळवारचं विमान आहे. उद्या नाकात काडी घालून चाचणी. काकू आयुष्यात पहिल्यांदा एकट्या प्रवास करतायत, आणि स्वरदाने त्यांच्याकडून विमानतळावरची वाक्यं पाठ करून घेतलीत. “नो वरीज” एवढं त्यांना आधीच येत होतं.

काकू, तुम्ही मला जेवू घातलं. मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि त्या खोट्यावरून तुमचा मुलगा दाराबाहेर गेला. हे मला चारचौघांत बोलायचं होतं, कारण तुमच्या खिडकीखाली उभं राहून ते दीड वर्ष जमलं नाही. भाषणाच्या शेवटी लोक शब्दांतल्या चुकांची माफी मागतात. माझी चूक एकाच शब्दाची आहे, राज्यपाल. ती पदरात घ्या.

अध्यक्षांनी आठ मिनिटं दिली होती, मी ती मोडून खाल्ली. त्यांचे, कौमुदीताईंचे, आणि मास्कमधून घाम गाळत ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बाहेर जेवण उभ्याने आहे, डबे बंद करून दिलेत, गर्दी करू नका.

एक बातमी काकूंनी मुद्दाम माझ्या तोंडून सांगायला लावली आहे. निनाद पुढच्या वर्षीची निवडणूक लढवणार नाही. काल त्याने तसं जाहीर केलं. पत्रकात कारण दिलेलं नाही. आईला दिलं: त्याला भीती वाटते.