रिबेकाचे कान

शरणपूर रोडवरच्या कानाच्या दवाखान्यात माझ्यासमोर दहाएक वर्षांची मुलगी बाकावर बसली होती आणि तिची आई शेजारी उभी होती.

“डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत. मग हाक मारली की ओ का देत नाहीस, रिबेका? किती घाबरले मी! रोज प्रार्थना करतेय.”

“मम्मी, तू हाक मारलीस की पाढेच विचारतेस. नाहीतर बायबलमधलं वचन.”

“शाळेत न घालता घरी शिकवते ना तुला? मग विचारायला नको? वर स्वयंपाक, चर्चची कामं...”

“शाळेतल्या मुलींच्या बाई वेगळ्या असतात आणि आई वेगळी असते.”

“असं बोलू नकोस गं.”

“रडू नको ना, मम्मी.”

“नाही रडत. मग काय बोलू तुझ्याशी? सांग ना.”

“आधी बस इथं. केव्हाची उभीच आहेस.”