खुन्याचा दुपट्टा

...आन् वरून बाप मलेच विचारते, "काहून बे, डोये फुटले होते का तुहे?" अहो, तेवीस वेळा पाह्यला मी तो पिक्चर! तेवीस!

तुम्हाले सांगतो, जुना विंग्रजी खुनाचा पिक्चर हाय. खुनी तोंडाले दुपट्टा गुंडाळून, मे महिन्यात आपण सारे दिसतो तसाच, एका हवेलीत सात जणांले कापते. पहिल्या वेळी भेव वाटते, पाचव्या वेळी हसू येते, आन् दहाव्या वेळी समजते का दार कुरकुरते तेव्हा नाही, कुरकुर थांबते तेव्हा माणूस मरते! कोण्या कॉलेजात शिकवते हे? म्हणून तं सोडलं बीकॉम! एकच कोडं सुटत नव्हतं... विहिरीपाशी खून करून दहा सेकंदांत हा गच्चीवर कसा पोचते?

पण आमचे बाबा! रुपराव! जिंदगीभर हातमाग चालवला, पॉवरलूम आले, माग बंद पडला, तसं तोंड चालू झालं. "भूपेश, तेच मुडदे किती वेळा पाहतं रे? कॉलेजचा फॉर्म भर!" माही सटकली. म्हटलं, बसा! यातली मले माहीत नसलेली एक गोष्ट दाखवा, उद्याच फॉर्म भरतो. नाही दाखवली तं जन्मात कॉलेजचं नाव काढायचं नाही!

बसले. बनियनवर, मांडीवर मुरमुऱ्याची परात. तिकडे लोक मरून राहिले आन् हा माणूस मुरमुऱ्यातली मिरची निवडून राहिला! म्हटलं, जिंकलो...

"थांबव बे!"

थांबवलं.

"विहिरीवरचा दुपट्टा पाह्य. हातमागाचा. आता गच्चीवरचा लाव... हा पॉवरलूमचा! सूत पाह्य ना, कसं मेल्यासारखं सरळ! खुनी दोन हायेत, बावळटा!"

दोन! तेवीस वेळा पाह्यला मी, तेवीस! आन् हा माणूस एका बैठकीत...! वरून म्हणते, "पॉवरलूमवालाच खरा हरामी. त्याले तं मी कुठीही ओळखीन!"

हारलो. सकाळी फॉर्म भराले चप्पल घातली, तं दारात बाबांचे जुने विणकर दोस्त, नत्थूकाका सगळ्यात पुढं. "कुठी चालला गा? बस. विहीर लाव." तेव्हापासून रोज शो! मडमेचा गळा चिरते आन् नत्थूकाका म्हणते, "थांबव थांबव, मागचा पडदा अस्सल सुती हाय!" तेवीस वेळा पाह्यला मी, त्या पडद्याकडे पाह्यलं होतं का कोणी?

फॉर्मची तारीख? गेली परवा. बाबाले सांगितलं, तं स्क्रीनवरची नजर नाही काढली. "पुढच्या साली भरजो. आता हलू नको... पॉज मस्त करतं तू."

बावीस वर्षांतली पहिली तारीफ. काय करता... बसलो मंग.